इथून नाही, इथून

...आणि वर ती दवाखान्यातली पोरगी मला म्हणते, "काका, इथून नाही, इथून." अहो, पाय माझा, दुखतोय मला, आणि तो कुठून उचलायचा हे ती सांगणार? तुम्हाला सांगतो, उभा जन्म लोकांची डोकी भादरली, खुर्चीभोवती गरागरा फिरलो, पण पायाला कधी विचारलं नाही की बाबा रे, कुठल्या स्नायूवर उभा आहेस. शेवटी खुबा धरलाच. जरा उभा राहिलो की भिंत धरायची वेळ. तोवर धाकट्या भावानं माझ्या खुर्चीवर गुपचूप आपला टॉवेल टाकलेला. "दादा, तू आता गल्ल्यावर बस." म्हणजे मोडीतच काढलं की मला.

म्हणून गेलो त्या व्यायामाच्या दवाखान्यात. कुशीवर झोपवलं, गुडघे दुमडले, मांडीला अन् कुल्ल्याला चिकटपट्ट्या, पट्ट्यांना वायरी, वायरी पडद्याला. जो स्नायू काम करेल त्याची रेघ उडणार म्हणे. "काका, वरचा गुडघा उघडा." उघडला. मांडीची रेघ नाचतेय, कुल्ल्याची आपली आडवी. "इथून नाही काका, इथून. बाजूचा स्नायू जागा करा." कसा करू जागा? चहा नेऊन देऊ त्याला?

कोपऱ्यात आमची ही. इतका वेळ गप्प होती हेच नवल. उठली, चष्मा सावरला, कुल्ल्यात बोट खुपसलं आणि कडाडली, "अहो, इथून नाही, इथून. मांडी सैल सोडा. हे आवळा, मग उचला."

तुम्हाला सांगतो, रेघ पडद्याबाहेर जायची बाकी.

पोरगी म्हणते, "काकू, परत म्हणा ना." हिला काय, आयतं निमंत्रण. मग तेच शब्द पोरीनं म्हटले, बोटही तिथंच ठेवलं, तर रेघ निम्मी. "नेमकं सांगितलं, हात लावून दाखवलं की स्नायूला कळतं, काका." मी म्हटलं, "बाई, स्नायूला नाही, माझ्या भीतीला कळतं."

घरी रोज सकाळी तेच. इथून नाही, इथून. खुबा सुटला, खुर्ची परत मिळाली, नाही कशाला म्हणू? पण दवाखान्यानं हिलाच कामावर घेतलं हो. दिवसभर परक्या माणसांवर ओरडते, ती बरी होतात आणि संध्याकाळी ही घरी येते ती घसा बसवून. चकार शब्द नाही. ज्या शांततेसाठी इतकी वर्षं तरसलो, ती घरात आली... आणि कुल्ला पुन्हा झोपला.