उत्तर नाही आलं तर काय समजायचं?

खोटारडे आहात तुम्ही! सगळेच्या सगळे! "येणार" म्हणून कळवायचं आणि यायचं नाही... अहो, बसा, बसा, तुम्हाला नाही म्हणत, तुम्ही निदान आलात तरी! तुम्हाला सांगते, बैठकीच्या त्या काचेच्या खोलीत मी एकटी आणि भोवती नुसत्या खुर्च्या. खुर्च्यांना आमच्याकडे तोटा नाही हो, खुर्च्या आणि बाकंच बनवते आमची कंपनी. बसायला माणसं तेवढी मिळत नाहीत!

काम काय, तर एक वेब सर्व्हिस उभी करायची. दचकू नका, सोपं आहे. विक्रीचा संगणक गोदामाच्या संगणकाला विचारणार, "बाबा रे, माल आहे का?" तो सांगणार, "आहे", नाहीतर "नाही". संपलं! सध्या काय होतं, विक्रीवाले गिऱ्हाइकाला "आहे, आहे" म्हणून मोकळे होतात, मग चिठ्ठी गोदामात जाते आणि तिथे कुणाच्या तरी कपाखाली मुक्काम करते. एका शाळेला आम्ही नसलेली बाकं विकलीत, बाकं! मी स्वतः बघून आले ना... पोरं जमिनीवर बसून, मांडीवर वही घेऊन लिहीत होती. माझं डोकंच फिरलं! तशीच साहेबांकडे गेले. साहेब म्हणाले, "कर की. फक्त दोन्ही विभागांना एका टेबलाशी बसव. त्या दिवशी ठरलं तर काम सुरू, नाहीतर विषय बंद."

आणि ठरवायचं काय होतं? गोदामाकडून उत्तर नाही आलं तर काय समजायचं! बस्स, एवढंच!

विक्रीच्या मॅडम म्हणतात, "अगं, त्यात काय! उत्तर नाही आलं की माल आहे असं समजायचं. गिऱ्हाईक काय ताटकळत बसणारे?" गोदामाचे काका म्हणतात, "हे बघ पोरी, आम्ही गप्प आहोत म्हणजे माल नाही. असता तर बोललो नसतो का?" आता हे दोघं बसतात कुठे? एकाच भिंतीच्या अलीकडे-पलीकडे! ते शिंकले तर या दचकतात! मी म्हटलं, "काका, बोला ना त्यांच्याशी." "मी का बोलू? त्यांनी बोलावं आधी." कशावरून बिनसलं ते दोघांनाही आठवत नाही, पण बिनसलंय हे मात्र विसरायला तयार नाहीत.

तरी मी आमंत्रणं पाठवली, आणि सांगू? पाठवल्या पाठवल्या दोघांचंही "येणार"! मी इतकी हरखले, इतकी हरखले की फळ्यावर रंगीत खडूंनी अख्खी आखणी काढून ठेवली... इकडे विक्री, तिकडे गोदाम, मधे बाण. आणि बसले वाट बघत. तेवढ्यात दिवे गेले! त्या खोलीत ना, कुणी हललं नाही की दिवे आपोआप जातात. मी शांत बसले होते, तर खोलीला वाटलं आत कुणी नाहीच! मग हात वर करून असा हलवायचा... आले दिवे.

मॅडमना फोन केला. "कसली बैठक गं? मी कुठे येणार म्हटलं? माझी वेळ रिकामी दिसली की तो कॉम्प्युटर आपणच हो म्हणतो." म्हणजे बघा! माणसं नाही बोलली तरी त्यांचे संगणक परस्पर हो म्हणतात, आणि मी म्हणे यंत्रांना बोलायला शिकवणार! दिवे गेले. हात हलवला.

काकांनी फोन उचललाच नाही. आता काय समजायचं, येतायत की नाही? सांगा ना! उत्तर नाही आलं तर काय समजायचं?

मग काय करणार? चाचणीसाठी मी एक खोटं गोदाम बनवून ठेवलंय लॅपटॉपवर. काहीही विचारा, ते बिचारं "माल आहे" म्हणतं. विचारलं, बाकं? "माल आहे." टेबलं? "माल आहे." म्हटलं, कुणी येणार आहे का रे? "माल आहे." हसू नका! अख्ख्या दुपारभरात माझ्याशी धड बोललेलं तेवढं एकच होतं ते!

साहेबांना लिहिलं, "अजून कुणी आलं नाही, उद्यापर्यंत मुदत द्या." गप्प. दिवे गेले, हात हलवला. पुन्हा गेले, पुन्हा हलवला. आणि मग साहेबांचा सगळ्यांना निरोप! "आजच्या बैठकीत जुन्या पद्धतीविरुद्ध एकही तक्रार आली नाही. तेव्हा ती सर्वांना मान्य आहे असे समजून विषय बंद करत आहोत. आभार."

घ्या! ठरलं एकदाचं, उत्तर नाही आलं तर काय समजायचं ते!

मी तशीच बसून राहिले. समोर फळ्यावर ते बाण... ती पोरं मांडीवर वही घेऊन डोळ्यांसमोर... आणि दिवे गेले. म्हटलं जाऊ देत. पण अंधारात पुसायचं कसं ते सगळं? हलवला हात. जोरजोरात हलवला, दोन्ही हलवले! तर काचेचं दार उघडून दारावरचे वॉचमनकाका आत डोकावले. दिवसभरात त्या खोलीत आलेला पहिला माणूस! मी लगेच म्हटलं, "या ना काका, बसा ना."

ते रिकाम्या खुर्च्यांकडे बघत दारातच थांबले आणि म्हणाले, "नको ताई. मघापासून बाहेरून बघतोय, मला वाटलं कुणाला तरी टाटा करताय."