न्हाणीघरातील कपाटाबाबत

विषय — न्हाणीघराच्या भिंतीवर टांगलेलं कपाट, वजन अंदाजे तीस किलो, त्याच्या स्थैर्याबाबत. संदर्भ — पाच मिनिटांपूर्वी आतून आलेला 'कर्र' असा आवाज. हसू नका हो मिस्त्री, पस्तीस वर्षं कारकुनी केली, घाबरलो की असंच बोलता येतं मला — अहो, अहो! दारावर मूठ नका मारू! चौकट त्याच भिंतीत आहे. आणि नेमकं कपाटाखाली, स्टुलावर बसून, आमची ही आंघोळ करतेय. ती आज बाहेर जाणार होती, म्हणून तर तुम्हाला गुपचूप बोलावलं; तर निघण्याआधी ती आंघोळीलाच बसली. हाका? हाका मारून घसा बसला. तिचं कानातलं यंत्र हे बघा, माझ्याच खिशात — आंघोळीआधी काढून माझ्याकडे देते. विश्वासानं.

बसवलं कुणी म्हणजे? मीच. चार स्क्रू, ते धरायला भिंतीच्या भोकांत ठोकलेल्या चार प्लास्टिकच्या गिट्ट्या. भिंत वाजवून पाहिली होती की — डबडब वाजली, नाही कशाला म्हणू? जावई म्हणालेसुद्धा, "बाबा, ही पोकळ आहे, वर टाइल, मागं पातळ फळी, मध्ये हवा. आतले उभे खांब शोधा, स्क्रू त्यांत घ्या." मी त्यांच्यापुढं इमारतीचा मंजूर नकाशा पसरला. नकाशात वीट आहे. खाली सही आहे, शिक्का आहे. शिक्का मारलेल्या भिंतीला पोकळ म्हणणारे हे कोण? ड्रिल माझ्या हातात देऊन गेले बिचारे. मग हिनं कपाट भरलं — टॉवेल, वर्षभराचा साबण, फरशीच्या औषधाचे दोन कॅन.

आवाज आजच आला का? हो. म्हणजे — सोमवारीही आला होता. बारीकसा. वरच्या कडेला नखाएवढी फट पडली होती. तिला सांगणारच होतो, पण सांगायचं तर जावई खरे ठरतात, मग "मी म्हणत नव्हते?" सुरू होतं, आठवडाभर पुरतं ते... मी? मी दाढी हल्ली स्वयंपाकघरात करतो. तिथं उजेड बरा असतो. आंघोळ — जरा दाराकडे सरकून, उभ्यानं. असं बघू नका हो माझ्याकडे. तिचं स्टूल हलवायला हवं होतं, कळतंय मला. नाही हलवलं.

लिहून कळवलंय ना! दाराखालून अर्ज सरकवलाय — 'तात्काळ बाहेर यावे, ही विनंती.' कारण नाही लिहिलं. घाबरेल ती.

काय? मुख्य नळ बंद करायचा? अहो, पाणी गेलं की ती आपोआप — हे मला का सुचलं नाही! तुमच्या डाव्या हाताला आहे, फिरवा, फिरवा. थांबली धार! आता उठेल, कडी काढेल — उठली, ऐकलंत? स्टूल सरकलं. आता — ही कडी नव्हे. हे कपाटाचं दार. टॉवेल घेतेय. वरच्या खणात आहेत, मिस्त्री, हात पुरत नाही तिचा, ती कपाटालाच धरून चवड्यांवर —

गप्प. ऐकू द्या — कडी नाही, 'कर्र'ही नाही, अजून काहीच नाही.

अर्ज आहे तिथंच आहे. अर्धा आत, अर्धा बाहेर. प्रलंबित.