जुना माल आधी

एक चप्पल. गोळ्यांचं न फोडलेलं पाकीट. कर्करोगाच्या दवाखान्यातला लांब बाक, आणि माझ्या शेजारी बाप-लेक.

"बाबा, डावी चप्पल कुठाय?"

"पायातच आहे की."

"खाली बघा."

"निसटलेली कळलीच नाही बघ."

"कधीपासून कळत नाहीये?"

"इंजेक्शननंतर चौथ्या दिवशी पायाला मुंग्या आल्या. म्हटलं, औषध लागू पडतंय."

"आणि या गोळ्या? पाकीटसुद्धा फोडलं नाहीत?"

"आधी ताकदीच्या संपवतोय. चाळीस वर्षं गोदाम सांभाळलं बये. जुना माल आधी काढायचा."

"अहो, या इंजेक्शनच्या आधीच सुरू करायच्या होत्या. डॉक्टर म्हणाले नव्हते, त्या इंजेक्शनने गाठ वाढवणारं हार्मोन कमी होतं, पण पहिले काही दिवस उलट उसळतं? मणक्यातली गाठ फुगून नसा दाबल्या जाऊ नयेत म्हणून गोळ्या दिल्या होत्या."

"मला वाटलं, एवढी मोठी सुई पुरेल."

"उठा बघू."

"उठलो की."

"बाबा, तुम्ही बसलेलेच आहात."

"असं कसं?"

"सिस्टर, डॉक्टरांना बोलवा. आत्ता."

इंजेक्शनच्या दिवशी लिफ्ट बंद होती, आणि ते चार मजले लेकीच्या पुढे चढून आलेले मी याच बाकावरून पाहिले होते.