दोन आमदार, दोन ॲम्ब्युलन्स आणि हेमाताई

आजच्या सोहळ्याचे अध्यक्ष, आपल्या मंडळाचे संस्थापक आदरणीय वासुदेवकाका. व्यासपीठाच्या दोन टोकांना एकमेकांपासून सुरक्षित अंतर राखून बसलेले विधानसभा सदस्य माननीय विश्रामराव तेंडोलकर आणि विधान परिषद सदस्य माननीय सूर्याजीराव घोगळे. मधल्या खुर्चीत बसून ते अंतर सांभाळणाऱ्या आपल्या मावळत्या अध्यक्षा, सत्कारमूर्ती हेमाताई रेडीज. दुबई-शारजाच्या ट्रॅफिकला शिव्या घालत का होईना, पण वेळेवर पोचलेल्या माझ्या बंधुभगिनींनो. आणि मागच्या रांगेत मोबाईलमध्ये डोकं खुपसून बसलेल्या बाळगोपाळांनो, सर्वांना नमस्कार.

मी सेबॅस्टियन डाबरे, मंडळाचा सचिव. गाव वसई. नोकरी हॉटेलात बँक्वेट मॅनेजरची, म्हणजे लोकांच्या लग्नात उपाशी उभा राहणारा माणूस. भाषण करायची सवय नाही. पण ताई म्हणाल्या, "सेबा, तू बोल. बाकीचे माझी स्तुती करतील, मला झोप येईल." तेव्हा स्तुती होणार नाही याची काळजी घेतो.

मंडळाच्या अध्यक्षांचं आणि आपल्या राज्यातल्या आमदारांचं नातं कसं असावं? पुस्तकात काय लिहिलंय मला ठाऊक नाही. आमच्याकडे ते नातं मी झाकणाच्या आडून बघितलं. सांगतो.

आपले आमदार इथे अभ्यास दौऱ्यावर येतात. अभ्यास कशाचा? तर समुद्राचं खारं पाणी गोडं कसं करतात त्याचा. प्रकल्पाच्या दारात एक फोटो, आत एक फोटो, की यल्ला, बस सुटली देऱ्याला, सोन्याच्या बाजारात! संध्याकाळी मंडळात सत्कार. शाल, श्रीफळ आणि आपलं निवेदन. निवेदन साहेब पीएकडे देणार, पीए बॅगेत टाकणार, आणि विमानतळावर बॅगेचं वजन जास्त भरलं की आधी बाहेर काय निघणार? सोनं तर कुणी काढत नाही. तेंडोलकरसाहेब हसताहेत, म्हणजे अनुभव दिसतोय.

ताईंनी अध्यक्ष झाल्या झाल्या दोन सुधारणा केल्या. पहिली शालीची. भगवी दिली तर एक रुसणार, हिरवी दिली तर दुसरा, निळी दिली तर तिसरा विचारणार, "आम्हाला का नाही?" ताईंनी दुबईत करामा भागातल्या दुकानातून राखाडी शालींचा अख्खा गठ्ठा उचलला. साहेब, आज तुमच्या खांद्यावर त्यातलीच आहे. उगाच अर्थ लावत बसू नका.

दुसरी सुधारणा म्हणजे निवेदनं बंद. "सेबा, कागदाने कामं होत नाहीत, भुकेने होतात," असं त्यांचं शास्त्र. दिवसभर उन्हात हिंडून आमदार हॉलमध्ये यायचे. कडेला कोंबडी-वडे, सोलकढी, सगळ्यांवर झाकणं. ताईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला, की झाकण उघडायचं नाही, हा मला हुकूम. मग त्या साहेबांशेजारी बसून मायेने म्हणायच्या, "एक फोन करता का साहेब? मग निवांत जेवू." पलीकडचा अधिकारी "हो साहेब, करतो साहेब" म्हणाला, की चष्मा खाली आणि झाकण वर. कुणाच्या गावचा बंद पडलेला पंप सुरू झाला, कुणाच्या आईची अडकलेली पेन्शन सुटली. पक्ष कुठलाही असो हो, वड्याच्या वासापुढे सगळे एकाच आघाडीत!

एकदा आपल्या छोट्या अस्मीने एका साहेबांकडे बोट दाखवून विचारलं, "आंटी, इज ही फेमस?" ताई म्हणाल्या, "त्यांना तसं वाटतं, बाळ. सही घे, खूश होतील." तिने घेतली. साहेब खरंच खूश झाले. पुढच्या वर्षी त्यांनी पक्ष बदलला, पण सही तीच आहे.

आता थोडं वेगळं बोलतो. हसताय ते ठीक आहे, हसत राहा, पण ऐका.

आपला दत्ताराम घाडी. देऱ्याच्या धक्क्यावर बोटीत माल चढवायचा, आणि आपल्या भजनाला पखवाज वाजवायचा. गेल्या वर्षीच्या आधीच्या वर्षी कामावरच कोसळला. अर्धांगवायू. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, विमानाने नेता येईल, पण स्ट्रेचरवर, सोबत नर्स हवी. विमान कंपनी म्हणाली, मुंबईत कुठल्या रुग्णालयात बेड आहे ते सांगा, त्याशिवाय पेशंट चढवणार नाही. आणि बेड? जिथे विचारावं तिथे "फुल्ल". गावाहून त्याच्या बायकोने ताईंना फोन केला. फार काही बोलली नाही. "ताई, जिवंत येतील ना हो?" एवढंच. ताईंनी सांगितलं, "येईल. मी पाठवते."

त्यांनी फोन ठेवला. मी म्हटलं, "ताई, असा शब्द कशाला दिलात?" मला म्हणाल्या, "मग काय 'इन्शाल्ला' म्हणून मोकळी होऊ?"

नशीब असं, की त्याच आठवड्यात व्यासपीठावरचे हे दोन्ही साहेब दौऱ्यावर होते. दोघे दत्तारामच्याच तालुक्यातले. पूर्वी एका ताटात जेवायचे. त्या आठवड्यात मात्र एका लिफ्टमध्येसुद्धा चढत नव्हते. सत्काराला आले. ताईंनी तेंडोलकरसाहेबांना स्वयंपाकघराच्या दाराशी गाठलं, घोगळेसाहेबांना स्टेजच्या मागे. एकाचा फोन नाही लागला तर दुसरा असावा, हा हिशेब. दोघांचं उत्तर एकच, "बघतो ताई, उद्या सांगतो." ताईंनी चष्मा चढवला. मी झाकणावर हात ठेवून उभा. घोगळेसाहेब म्हणाले, "ताई, वडे गार होतील." ताई म्हणाल्या, "होऊ देत. दत्तारामही गारच पडलाय."

साहेब, राग मानू नका, पण तुम्हा दोघांना इतक्या तातडीने काम करताना विधानभवनानेसुद्धा पाहिलं नसेल. ताट वाढेपर्यंत दोघांचेही बेड पक्के!

आणि इथेच घोटाळा झाला. बेड दोन, पेशंट एक. ताईंना वाटलं, एकाला आता "नको" म्हटलं तर तो रुसेल, दुसरा मिरवेल; दत्ताराम पोचू दे, मग सांगू. इकडे दोघांनीही वडे खाता खाता आपापल्या कार्यकर्त्यांना कामाला लावलं होतं.

सोबत नर्स म्हणून माझी बायको ॲना गेली. मुंबई विमानतळाबाहेर स्ट्रेचर आलं, तर समोर दोन ॲम्ब्युलन्स. दोन हार. दोन फ्लेक्स, त्यावर साहेब एवढे मोठे आणि दत्ताराम पासपोर्ट साइज. एका गटाने स्ट्रेचर डोक्याकडून धरलं, दुसऱ्याने पायाकडून. "आमच्या साहेबांचा पेशंट आहे!" "आमच्या साहेबांनी आणलाय!" ऑक्सिजनचं सिलिंडर संपत आलेलं, दत्ताराम घामाघूम, डोळे फिरवायला लागलेला. माझी ॲना कधी घाबरत नाही. त्या दिवशी फोनवर रडली. "ताई, हे त्याला इथेच मारतील."

ताई म्हणाल्या, "स्पीकरवर टाक." मी शारजात, अल मजाजला त्यांच्या घरीच बसलो होतो. ताईंनी आवाज असा काढला, की खालच्या मजल्यावरचा शेजारी मोईन धावत वर आला. "शारजाहून हेमा रेडीज बोलतेय! माणूस एक आहे. अर्धा-अर्धा वाटून नेताय का मेल्यांनो? बेड तेंडोलकरांचा, गाडी घोगळ्यांची. दोन्ही साहेब माझ्यासमोर बसलेत, सगळं ऐकताहेत. जो आडवा येईल त्याने नाव सांगावं!"

कुणी नाव सांगितलं नाही. गाडी सुटली. साहेब समोर बसले होते का? कुठले! दोघे देऱ्यात बांगड्या बघत होते, वेगवेगळ्या दुकानांत. खोटं बोलल्या ताई. त्याची माफी मी चर्चमध्ये मागून घेतली आहे, खलास.

ॲनाचा "पोचलो, ॲडमिट केलं" असा फोन येईपर्यंत ताई खिडकीशी उभ्या होत्या. आला, आणि त्या ओक्साबोक्शी रडल्या. मी पहिल्यांदाच पाहिलं.

त्यानंतर दोन्ही पक्षांनी ताईंना बोलावणं धाडलं, "आमच्यात या." ताईंचं उत्तर, "मला तुमच्याकडून कामं करून घ्यायचीत, तुमच्यात बसायचं नाही." पुढे निवडणुकीत हे दोघे समोरासमोर उभे राहिले. मतदानाला न्यायला दत्तारामच्या दारात पुन्हा दोन गाड्या. तो रिक्षाने गेला. कुणाला मत दिलं, ते त्याने बायकोलाही सांगितलेलं नाही. तेव्हा तुम्हा दोघांनाही ते आपलंच समजायची मुभा आहे.

ताई, उद्या तुम्ही कायमच्या परत निघालात, चिपळूणला. तुम्ही सगळ्यांना बजावलंत, मुंबईच्या विमानतळावर कुणी यायचं नाही, मी टॅक्सी करीन. आम्ही कुणालाही सांगितलं नाही. पण दत्तारामने काल मला फोन केला. अजून शब्द तुटक येतात. म्हणाला, "मी... जाणार. चालत... बाहेर उभा... राहणार. ताईंची बॅग... डाव्या हाताने... घेणार." मी म्हटलं, "अरे, ताई रागावतील." तर म्हणाला, "रागावू... दे. ऐकायला... आहे ना मी."

ताई, आता चष्मा काढा, पुसा. आम्ही थांबतो.

दोन्ही आमदारसाहेबांचे आभार. तुमची एवढी थट्टा केली आणि तुम्ही उठून गेला नाहीत, हे मोठं मन. वासुदेवकाकांचे, हॉलवाल्यांचे आणि स्वयंपाक करणाऱ्या भगिनींचे आभार. कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाचा मान खाली-वर झाला असेल, जीभ घसरली असेल, तर माणूस आपलाच आहे म्हणून सोडून द्या. आणि ताई, तुमच्या मागे आम्ही काही चुकलो, तर तिथून फोन करून रागवा. आम्हालाही ऐकायला आवडेल.