डिकीवरची हळद

तारनाक्याला गाड्या धुवायच्या रांगेत कमल स्कूटर लावून उभी होती. पुढे एक कोरी करकरीत गाडी होती, डिकीवर हळदीच्या हातांचे ठसे. गाडीशेजारी बाप आणि मुलगी बोलत होते.

"अप्पा, पूजेला पुढं स्वस्तिक काढतात. मागं हे ठसे कशाला?"

"आपल्या फियाटला गल्लीचे हात मागूनच लागायचे. रोज सकाळी धक्का!"

"ही बटणावर सुरू होते."

"हौ, गुणाची आहे. गिअरसुद्धा बदलायला नको. कुणाला हाक मारायची वेळच येत नाही."

"मग बरंच आहे की!"

"तुझ्या आईला कळा सुरू झाल्या आणि फियाट बसली रुसून. युसूफभाई, मल्लेश, नरसिंगराव, सगळी गल्ली लुंगीवर धावली. युसूफभाई म्हणाले, 'साब, आप खाली स्टेअरिंग पकडो.' ढकलत थेट दवाखान्याच्या दारात नेली."

"मग?"

"मग काय, तू आलीस. पूजेला त्या सगळ्यांना बोलावलं होतं. हे ठसे त्याच हातांचे आहेत, बाई."

पाण्याचा पाइप घेऊन माणूस गाडीकडे वळला, तशी मुलगी घाईनं पुढं झाली.

"भैया, बाकी पूरी धोओ. पीछे पानी नक्को मारो."