डूख

"मौन धरलंस की कान उघडे ठेव," सासूबाई सांगायच्या. विनिताताईंचं रोजचं मौन दुपारपर्यंत. पनवेलच्या एसटी स्टँडवर त्या जप करत बसल्या होत्या. शेजारी उरणच्या दोघी कोळणी बहिणी.

"मी हलदीला येनार नाय, किशोरी."

"किती डूख धरशील गो शांतीताय?"

"डूख? मी काय नागीन हाय?"

"शब्द नागाचाच हाय. आजी सांगाची, डिवचलेला नाग मानसाला वलखून ठेवतो, त्याला डूख म्हनतात."

"जाऊ चारचौघींत बोलली, माजं लग्नातलं धवलं बेसूर."

"बोलली जाऊ. आन् डसतेस कोनाला? तिच्या पोरीला. लग्नाची गानी मीच गानार, असा शब्द पोरीला कोनी दिलेला?"

"मीच."

"नागाला पंचमीला दूध तरी मिलतं. तुला काय मिलनार?"

"हलदीचं मटन चुकनार, ता खरा."

"जाऊच रांधतेय."

"मटन बरा करते ती. त्यात खोट नाय."

विनिताताईंनी माळ ओठांशी धरून हसू आवरलं.

उरणची गाडी लागली. किशोरी पिशव्या गोळा करीपर्यंत शांतीनं पदर खोचला आणि धवल्याची पहिली ओळ पुटपुटत ती गाडीत चढली.