पिनॉक मास्तरांचा ड्रम नसलेली तबकडी

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या मुख्याध्यापिका मिसेस बेकफर्ड, व्यासपीठावरचे पाहुणे रेव्हरंड डन्कली, सत्कारमूर्ती लॅसेल्स पिनॉक मास्तर, पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या पत्नी, आपल्या सगळ्यांच्या मिस मर्लीन, शाळेच्या बँडमधले आजी-माजी विद्यार्थी, आणि मागून येणाऱ्या बोकडाच्या रश्श्याच्या वासाने केव्हाच अस्वस्थ झालेल्या माझ्या किंग्स्टनकर बंधुभगिनींनो,

मास्तरांच्या शिस्तीवर रेव्हरंडसाहेब बोलले, बक्षिसांवर बाई बोलल्या. मला सांगितलंय, "व्हेरोना, तू त्यांच्याबरोबर गायलीस, दोन गमतीच्या आठवणी सांग आणि आटप." एक गमतीची आहे. दुसरी नाही.

मी गायला लागले तेव्हा मास्तर शहरातले नावाजलेले ड्रमवादक होते. तालीम त्यांच्या अंगणात. आपल्या रेगे संगीतात पहिली मात्रा रिकामी सोडतात आणि घाव तिसरीवर घालतात, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण मी मेली घाईची! रिकाम्या जागेत घुसायचेच. मग मास्तर काडी माझ्यावर रोखून विचारायचे, "काय गं, बस चुकतेय का तुझी? श्वास घे की तिथे!" मिस मर्लीन आतून ओरडायच्या, "अहो, पोरीला खाऊ तरी द्या आधी!"

आता दुसरी. शहाऐंशी साली माझी पहिली तबकडी निघाली. तुमच्यातल्या जुन्या लोकांना आठवत असेल, आणि आठवत नसेल तर तुमचं नशीब थोर. परदेशी कंपनी, त्यांचा माणूस हॉलिस. दहा गाणी. मास्तरांनी तीन आठवडे जीव ओतून वाजवली. पुढे एका सकाळी हॉलिसने मला एकटीला बोलावलं. म्हणाला, "आमच्याकडच्या लोकांचे पाय या ठेक्यावर अडखळतात. म्हाताऱ्याचा ड्रम काढून यंत्राचा सरळ ठोका घालू? तबकडीच्या पाकिटावर नाव तुझं आहे. तू सांगशील तसं."

म्हातारा! पंचेचाळिशीचे होते हो मास्तर तेव्हा.

मी काय म्हटलं असेल? तोंडातला चहाचा घोटसुद्धा गिळला नव्हता, आणि म्हटलं, "घाला." लंडनमध्ये गायचं होतं ना मला!

मास्तरांना मात्र सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू, करत रविवार उजाडला. आपली रीत तुम्ही जाणताच. नवी तबकडी आधी मैदानात, कपाटाएवढ्या स्पीकरवर लागते. आवडली तर लोक कुंपणाचे पत्रे बडवतात, आणि वाजवणाऱ्याला सुई उचलून गाणं पुन्हा पहिल्यापासून लावावं लागतं. मास्तरांनी न्हाव्यापासून मासळीवालीपर्यंत सगळ्यांना आमंत्रण दिलं होतं, "दुपारी या, माझा ड्रम ऐका." मिस मर्लीन नवा पिवळा झगा घालून अगदी स्पीकरजवळ उभ्या होत्या.

पहिलं गाणं लागलं. धप, धप, धप, धप. मिस मर्लीननी विचारलं, "अहो, तुमचा ड्रम कुठाय?"

मास्तर म्हणाले, "येईल गं. पुढच्या गाण्यात."

मी चार हात लांब उभी होते. दुसरं झालं, तिसरं झालं. दर वेळी मास्तर म्हणायचे, "पुढच्यात." सातव्यानंतर मिस मर्लीननी विचारणं सोडलं. दहा गाण्यांत एकदाही पत्रा वाजला नाही. मासळीवाली जाता जाता म्हणाली, "गोड आहे गं. साखरेचं पाणी." तिकडे परदेशात म्हणाले, हे फारच रेगे आहे. इथे म्हणाले, हे रेगेच नाही. तबकडी गेली ती गेलीच.

दुसऱ्या दिवशी मास्तर माझ्या घरी आले. मी तोंड लपवून रडत होते. त्यांनी खिशातला रुमाल काढून माझे डोळे पुसले आणि म्हणाले, "कंपनीवाले असलेच. तू पोर, तू काय करणार?" मी रुमाल घेतला. आणि दोष कंपनीवरच राहू दिला.

त्यानंतर मास्तर कधी स्टुडिओत बसले नाहीत. आपल्या शाळेत आले. आता कुणी म्हणेल, बरंच झालं, आमच्या मुलांना गुरू मिळाला. कृपा करून असं म्हणू नका. शाळेचं भलं झालं, मान्य. पण त्यांच्या हातात अजून वीस वर्षांचं वाजवणं शिल्लक होतं, ते कुठल्याच तबकडीवर नाही. मला फार वाईट वाटतं. रोज वाटतं.

गुरुवारी मास्तर टोरांटोला लेकीकडे चाललेत. परत येतील असं आपण सगळे म्हणतोय, पण सामान बघितलंय मी. म्हणून आजच, तुमच्या सगळ्यांदेखत सांगते. मास्तर, कंपनीने नाही. मी. त्यांनी मला विचारलं होतं, आणि मी 'घाला' म्हटलं.

नाही, उठू नका. हात हलवून "राहू दे गं" म्हणाल, ओळखते मी तुम्हाला. नका म्हणू.

अध्यक्षबाई, वेळ खाल्ला, आनंदाच्या कार्यक्रमात मिठाचा खडा टाकला. सभागृहाने शांतपणे ऐकून घेतलं, आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर तुम्ही सगळ्यांनी पोटात घाला. मास्तर, तुम्ही तेवढं घालू नका. मागच्या वेळी तुम्ही खरं माहीत नसताना मला माफ केलंत. या वेळी माहीत आहे. गुरुवारपर्यंत विचार करा, आणि नाही जमलं, तर तसेच जा.